खान्देशात फुलणारे कॅक्टस आणि सोबतची फुलझाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून जे प्रश्न दर हंगामात येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. तारखा आणि मापे आपल्या हवेची आहेत. पुण्याचे वेळापत्रक इथे लावू नका, तिकडच्या आणि भुसावळच्या मे महिन्यात फार फरक आहे.

१. शेताच्या बांधावरचा निवडुंग म्हणजेच कॅक्टस ना?

फड्या निवडुंग हा कॅक्टस, पण त्रिधारी निवडुंग आणि शेर हे नव्हेत. ते युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. ओळखायचे असेल तर काट्याच्या बुडाशी पहा. कॅक्टसला तिथे लोकरीसारखी बारीक गादी असते, तिला अरिओल म्हणतात. काटे, फूल आणि पिल्लू तिच्यातूनच निघतात. चीक आला म्हणजे युफोर्बिया, ही खूण बहुतेक वेळा चालते, पण मॅमिलारिया या कॅक्टसच्या काही जातींनाही पांढरा चीक असतो. म्हणून गादी पाहणेच खात्रीचे.

कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे फड्या निवडुंग आणला गेला तो त्यावर वाढणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग काढायचा म्हणून. १७९५ मध्ये असा किडा भारतात आला खरा, पण तो निघाला भलत्याच जातीचा. रंग काही धड मिळाला नाही, उलट त्याने निवडुंगच फस्त केला. तण किड्याकरवी आवरण्याचे ते पहिल्या उदाहरणांपैकी एक मानतात.

२. पहिल्यांदाच लावतो आहे. कोणते घेऊ?

एकिनॉप्सिस, जिम्नोकॅलिशियम, मॅमिलारिया आणि अॅस्ट्रोफायटम. चौघेही आपला उन्हाळा काढतात आणि लवकर फुलतात. जिम्नोकॅलिशियम तर लिंबाएवढे असतानाच फुलू शकते आणि त्याला थोडी सावली चालते. कॅक्टस नसलेल्यांत अडेनियम, म्हणजे फुगीर बुडाचे फुलझाड, घ्या (प्रश्न १५).

रेबुशिया आणि ख्रिसमस कॅक्टस सुरुवातीला नकोत. पहिल्याला लांब, थंड हिवाळा हवा. दुसरा डोंगरावरच्या दमट जंगलात झाडांवर वाढणारा आहे, एप्रिलच्या झळांत त्याचे पेर गळून पडतात.

३. आमच्याकडे काळी कसदार माती आहे. तीच कुंडीत भरली तर चालेल का?

नाही. कापसाला जी माती सोने, ती कॅक्टसला विष. ती ओली झाली की फुगते आणि आठ-आठ दिवस पाणी सोडत नाही. सुकली की आकसून भेगाळते आणि बारीक मुळे तोडते.

मिश्रण असे करा: चाळलेला मुरूम किंवा नदीची जाड वाळू ४ भाग, विटांचे तुकडे १ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, कोळशाचे तुकडे अर्धा भाग. खडे साधारण २ ते ५ मिलिमीटरचे असावेत. मुरूम आणि वाळू पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडणारी बारीक भुकटी टाकून द्या. लोक नेमकी हीच पायरी गाळतात, मग तीच भुकटी तळाशी बसून चिखल करते. कोळसा पऱ्हाटीचा चालतो, राख मात्र नको, ती खारी असते. दहा लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड घाला.

तपासणी सोपी आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. दहा सेकंदांत खालून वाहू लागले पाहिजे.

४. पाणी किती दिवसांनी घालायचे?

चार इंची कुंडीसाठी ढोबळ हिशेब:

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाणी बंद. दोन इंची कुंड्यांना तीन-चार आठवड्यांतून एकदा थोडेसे. फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या मसुरीएवढ्या दिसल्या की सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये ५ ते ७ दिवसांनी, भरपूर, तळातून वाहीपर्यंत. मे महिन्यात ७ ते १० दिवसांनी आणि कमी, तेही सूर्य मावळल्यावर. पावसाळ्यात छपराखाली १० ते १५ दिवसांनी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा आठवड्याला एकदा.

मे महिन्यात पाणी कमी, हे वाचून बरेच जण चक्रावतात. कॅक्टस दिवसा आपली छिद्रे मिटून ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्रीही तीसच्या आसपास पारा राहिला की त्याचे काम जवळजवळ थांबते. त्या वेळी मुळाशी ओतलेले पाणी तो पीत नाही, ते नुसते गरम होऊन मुळे शिजवते. आपल्याकडे उन्हाळ्यात दगावलेल्या कॅक्टसांपैकी बरेचसे असे मेलेले असतात आणि दोष मात्र उन्हाला जातो.

शंका असली तर अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर निघाली तर थांबा. आणि बागेच्या ठिबकची नळी कॅक्टसच्या कुंडीत कधीही सोडू नका.

५. बोअरच्या पाण्याने कुंडीवर आणि झाडावर पांढरा थर चढतो. काय करू?

तो चुन्याचा क्षार. थर दिसतो तेवढाच त्रास असता तर पुसून भागले असते. खरा तोटा असा की माती हळूहळू विम्लधर्मी होते, मग झाडाला लोह घेता येत नाही आणि नवी वाढ पिवळट निघते.

पावसाळ्यात गच्चीचे पाणी दोन-तीन ड्रम साठवा, थोड्या कुंड्यांना ते वर्षभर पुरू शकते. नसेल तर १० लिटर बोअरच्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा सायट्रिक अॅसिड (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळते) विरघळवून महिन्यातून दोनदा तेच द्या. झाडावरून पाणी ओतू नका. दर दोन वर्षांनी मिश्रण बदला.

६. पारा ४५ वर जातो. कॅक्टस वाळवंटातला, मग त्याला सावली कशाला?

कारण वाळवंटातले रोपही लहानपणी झुडपाच्या आडोशाने वाढते. शिवाय त्याची मुळे जमिनीत असतात, आपल्याकडे ती तापलेल्या स्लॅबवरच्या प्लास्टिकच्या कुंडीत असतात.

मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, झाडांच्या किमान तीन फूट वर. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्री दहापर्यंत आग ओकते. काळ्या कुंडीला बाहेरून चुना लावला तरी फरक पडतो.

चटका बसला तर नैर्ऋत्येच्या अंगाला पांढरट-पिवळा, कोरडा डाग पडतो. तो पुन्हा हिरवा होत नाही, पण पसरतही नाही. नर्सरीच्या सावलीतून आणलेले रोप एकदम उन्हात ठेवल्याने हे हमखास होते. दोन आठवडे सकाळचे ऊन, मग वाढवत न्या.

७. झाड निरोगी आहे, चार वर्षे झाली, पण फूलच नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारणे याच क्रमाने तपासा.

हिवाळ्यात पाणी चालू होते का? मार्चमधल्या फुलाचा निर्णय डिसेंबर-जानेवारीत होतो. कोरडी माती आणि गार रात्री एकत्र मिळाल्या की झाड वाढ थांबवून कळ्यांची तयारी करते. धुळे-जळगावच्या हिवाळी रात्री त्यासाठी पुरेशा गार असतात, म्हणजे अर्धे काम हवाच करते. आपण फक्त झारी खाली ठेवायची. रोप थोडे आकसेल, सुरकुतेल. घाबरू नका.

ऊन किती मिळते? रोज चार-पाच तास थेट ऊन हवे. खिडकीतले झाड वरच्या बाजूने निमुळते होत असेल तर उजेड कमी आहे. उन्हाळ्यातली जाळी पाऊस लागल्यावर काढायला विसरलेले पुष्कळ असतात.

नत्र जास्त झाले का? युरिया किंवा ताजे शेणखत पडले की झाड फुगते आणि फुलाच्या जागी पिल्ले देते. एकिनॉप्सिसला वीस पिल्ले आणि एकही फूल नाही, हे दृश्य बहुधा त्यामुळेच. निम्मी पिल्ले काढून वेगळी लावा.

वय झाले का? जिम्नोकॅलिशियम आणि बऱ्याच मॅमिलारिया दोन-तीन वर्षांत फुलतात, एकिनॉप्सिस तीन-चार. सेरियससारखे खांब उंच झाल्याशिवाय फुलत नाहीत. आणि गोल्डन बॅरल, ज्याला लोक "सासूची खुर्ची" म्हणतात, तो कुंडीत फुलायला दशके घेतो. त्याच्याकडून फुलाची आशा धरू नका, त्याचे काटेच बघावेत.

कळ्या येऊन गळतात, त्याचे कारण वेगळे: कळी धरल्यावर कुंडीची जागा बदलली किंवा माती एकदम कोरडी पडली.

८. फुलासकट विकत आणलेल्या कॅक्टसवर सहा महिने तेच फूल आहे. एवढे टिकते?

हात लावून पहा. कागदासारखे कुरकुरीत लागत असेल तर ते डिंकाने चिकटवलेले सुकवलेले फूल आहे. ओढू नका, साल निघून जखम होते. कात्रीने फूल कापा, डिंक तसाच राहू द्या. वाढीबरोबर तो सुटतो.

९. लाल-पिवळ्या गोळ्याचा कॅक्टस वर्षभरात का मरतो?

तो गोळा म्हणजे हरितद्रव्य नसलेले जिम्नोकॅलिशियम. स्वतःचे अन्न त्याला करता येत नाही, म्हणून ते ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या तिधारी खोडावर कलम केलेले असते. खोड आणि गोळा यांची वाढ जुळत नाही, त्यामुळे आयुष्य थोडे. जगवायचे असेल तर तीव्र ऊन टाळा आणि हिवाळ्यात पाणी पूर्ण बंद करू नका. त्या खोडाला कडक कोरड सोसत नाही.

१०. ब्रह्मकमळाच्या पानाला फूल कसे येते, आणि आमच्याकडे का येत नाही?

ते पान नव्हेच, चपटे झालेले खोड आहे. ब्रह्मकमळ (एपिफायलम) हाही कॅक्टस, पण जंगलातल्या झाडांवर राहणारा. म्हणून त्याला वरचे जवळजवळ सगळे नियम उलटे लागतात.

मिश्रण: पालापाचोळ्याचे खत २ भाग, जाड वाळू १, विटांचे तुकडे १. जागा पूर्वेची, सकाळचे दोन तास कोवळे ऊन, नंतर सावली. कुंडी लहानच ठेवा. मुळे दाटली की ते फुलते, म्हणून दर वर्षी मोठ्या कुंडीत हलवणाऱ्यांना फूल दिसत नाही. मे महिन्यात एक-दोन दिवसांआड पाणी आणि संध्याकाळी पानांवर फवारा. हिवाळ्यात पाणी कमी, पण पूर्ण कोरडे नको.

नवीन लावताना १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, चार-पाच दिवस सावलीत जखम सुकवा आणि खालची बाजू खालीच राहील असा दोन बोटे खोल खोचा. फूल दोन-तीन वर्षांनी.

आपल्याकडे फुलांचा हंगाम पावसाळ्यात. ज्या दिवशी लोंबती कळी मान वर उचलते आणि टपोरी होते, त्या रात्री ती उमलणार. आठ-नऊला सुरुवात, बाराच्या सुमारास पूर्ण, पहाटे मान टाकली. शेजाऱ्यांना निरोप त्याच संध्याकाळी द्यायचा.

११. उत्तराखंडचे ब्रह्मकमळ ते हेच का?

नाही. ते सॉस्युरिया, शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले, हिमालयात उंचावर उगवणारे. कॅक्टसशी त्याचा संबंध नाही आणि ते इथे जगणार नाही.

१२. पावसाळ्यात झाड बुडातून मऊ पडले. वाचेल का?

त्याच दिवशी हात घातला तर बरेचदा वाचते. झाड उपटा. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने खालून चकत्या काढत वर जा. कापलेल्या भागात मधोमध शिरांचे कडे दिसते, त्यात तपकिरी ठिपकाही उरता कामा नये. प्रत्येक कापाआधी सुरी पुन्हा पुसा. मग गंधकाची भुकटी किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लावून सावलीत, वारा लागेल असे ७ ते १० दिवस ठेवा. पावसाळी हवेत दोन आठवडेही लागतात. जखम कडक झाली की कोरड्या वाळूवर नुसते टेकवून ठेवा आणि मुळे फुटेपर्यंत पाणी देऊ नका.

कुजण्याचे कारण नुसता पाऊस नसते. गरम मातीवर पडलेला पहिला वळीव, मग चार दिवस ढग, हे जास्त घातक. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक वर चढवा, बाजू मात्र मोकळ्या ठेवा.

१३. बुडाशी तपकिरी झाले आहे, पण कडक आहे. हीच कूज का?

नाही. जुन्या झाडाचे बूड लाकडासारखे होते, ते वयाचे लक्षण. दाबून आत गेले किंवा वास आला तरच प्रश्न १२.

१४. काट्यांमध्ये कापसासारखे पांढरे दिसते. ते काय?

पिठ्या ढेकूण, आपली ओळखीची मिलीबग. कापूस-पपईवर आलेली कीड वाऱ्याने आणि मुंग्यांवाटे गच्चीवर पोहोचते. थोडी असेल तर कानकोरणीच्या कापसावर स्पिरिट घेऊन टिपा. जास्त असेल तर लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि १ मिलि साबणद्रव, सूर्य मावळल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात तेल मारले की झाड भाजते. मुंग्या आवरल्या नाहीत तर सगळे श्रम फुकट.

झाड वाढत नाही आणि वर काहीच दिसत नाही, तेव्हा उपटून मुळे पहा. पांढरी पूड दिसली तर ती मुळावरची मिलीबग. माती फेकून द्या, मुळे धुवा, पाच दिवस सुकवून नव्या मिश्रणात लावा.

एप्रिलमध्ये शेंड्याला गंजासारखा थर येतो तो लाल कोळी. त्यावर गंधक चालते, पण पारा ३५ च्या वर असताना ते फवारू नका.

१५. अडेनियमची पाने हिवाळ्यात गळाली. मेले का?

खोड घट्ट असेल तर झोपले आहे. पाणी बंद करा. फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या फांद्या एक-तृतीयांश छाटा, कापांवर बुरशीनाशकाचा लेप द्या आणि त्याच वेळी कुंडी बदला. बदलताना मुळे ५ ते ७ दिवस सुकवा, कंद आधीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर उचलून लावा, आठवडाभर पाणी नको. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी टाळली तर लांब काठ्या आणि टोकाला चार फुले, एवढेच मिळते.

कॅक्टसच्या उलट अडेनियमला एप्रिल-मेचे ऊन आवडते, जाळीची गरज नाही, पाणी दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात मात्र छपराखाली. चीक विषारी आहे, हातमोजे घाला.

१६. घरात केळीच्या ठिबकचे विद्राव्य खत आहे. तेच चालेल का?

चालेल, मात्रा शेताची नको. ०:५२:३४ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, कळ्या दिसल्यावर एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. वाढीसाठी १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, मार्चमध्ये एकदा पुरे. माती आधी ओली असावी. मे आणि हिवाळा, खत शून्य. अडेनियम आणि बोगनवेल मार्च ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी हेच खत घेतात.

१७. बोगनवेल नुसती पाने देते.

तिला फार लाडावलेत. पाने मलूल होईपर्यंत पाणी तोडा, मग भरपूर द्या. असे दोन-तीनदा केले की रंग चढतो. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये छाटा. रंगीत दिसतात ती पाने, खरे फूल मधले बारीक पांढरे नळकांडे. ही मात्र काळ्या मातीत, जमिनीत, झकास वाढते.

१८. शेवंती आणि कलांचो दिवाळीनंतरही फुलले नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याचा संबंध असेल का?

असेल. या दोघांना कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. खांबावरच्या दिव्याचा किंवा ओसरीतल्या बल्बचा उजेड रात्रभर पडत असेल तर कळी धरत नाही. सप्टेंबरअखेरपासून सहा आठवडे कुंडी संध्याकाळी सहा ते सकाळी आठ अंधारात ठेवा.

१९. घायपाताला उंच दांडा आला आणि झाड वाळू लागले.

ते आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. उपाय नाही, गरजही नाही. बुडाशी पिल्ले असतात, ती लावा.

२०. काटे बोटात रुतले, किंवा चीक डोळ्यात गेला तर?

फड्याचे केसासारखे बारीक काटे चिमट्याने एकेक काढत बसू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, किंवा डिंकाचा पातळ थर लावून वाळल्यावर सोला. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळा चोळू नका.

२१. फुले नेमकी कधी पाहावीत? मी पाहायला जातो तोवर मिटलेली असतात.

एकिनॉप्सिस संध्याकाळी उमलते आणि एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या सकाळी नऊ-दहाला मान टाकते, म्हणून पहाटे बघा. जिम्नोकॅलिशियम आणि अॅस्ट्रोफायटम ऊन चढल्यावर उघडतात, संध्याकाळी मिटतात आणि पुन्हा दोन-तीन दिवस उघडतात. मॅमिलारियाच्या फुलांचे कडे आठवडाभर राहते. रात्री फुलणारी बहुतेक फुले पांढरी आणि सुवासिक असतात, कारण त्यांना पतंग बोलवायचे असतात. झाड सावलीत हलवले तर एकिनॉप्सिस तीन-चार तास जास्त टिकते. उमललेल्या फुलावर पाणी मारू नका.

२२. फूल आले, पण बी धरत नाही.

बरेच कॅक्टस स्वतःच्या परागाने फळत नाहीत. एकाच झाडाची दहा पिल्ले असली तरी ती एकच झाड समजा. त्याच जातीचे बियांपासून वाढलेले दुसरे झाड त्याच दिवशी फुललेले हवे. कोरड्या, मऊ रंगकामाच्या ब्रशने पराग या फुलातून त्या फुलात न्या. फळ पिकून मऊ झाले की बी धुवा, सुकवा आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, पारा २५ ते ३० असताना, उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या वाळूवर पेरा. वर पारदर्शक पिशवी बांधा आणि सावलीत ठेवा. आठवडा ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतील. पिशवी लगेच काढू नका, महिनाभरानंतर रोज थोडी थोडी उघडत जा.